एकाच घरात वाढत्या वयाच्या चार वेगळ्या भीती

प्रश्न असा आला आहे: घरात चार पिढ्यांच्या बायका आहेत. आजी ९० वर्षांची, आई ६८, विचारणारी स्वतः ४५ आणि तिची मुलगी २१. आजी स्वतःच्या म्हातारपणाबद्दल हसत, मोकळेपणाने बोलते. आईला कुणी ‘आता तुमचं वय झालं’ म्हटलेलं मुळीच खपत नाही. विचारणारी पांढरे केस रंगवावेत की तसेच सोडावेत यावर कित्येक महिने अडकली आहे. आणि मुलगी पंचविशी जवळ येतेय म्हणून आतापासूनच धास्तावली आहे. एकाच घरात एवढा फरक का, आणि यांच्यात बरोबर कोण?

मी ज्येष्ठांचं आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन करते. त्या कामात जे सतत दिसतं ते आधीच सांगून टाकते: तुम्ही चौघी एकाच गोष्टीबद्दल बोलत नाही आहात. मुलीला उशीर होण्याची भीती आहे. तुम्हाला वेळ हातातून निसटण्याची. तुमच्या आईला मोडीत निघण्याची. आणि आजीला भीती असलीच तर ती परावलंबी होण्याची. या चारही भीतींना आपण ‘वय वाढणं’ हे एकच नाव देतो आणि मग एकमेकींना नको तो धीर देत बसतो. आपल्याला स्वतःला जे ऐकायला हवं असतं, तेच आपण दुसऱ्या पिढीला ऐकवतो. घराघरांत वयावरून होणाऱ्या कुरबुरींचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडतं.

पण त्याआधी एक गुंता सोडवायला हवा. तुमच्यातला सगळाच फरक वयाचा नाही, काही पिढीचाही आहे. आजी आज जशी विचार करते ती ९० वर्षांची झाली म्हणून, की ती ज्या काळात वाढली त्यामुळे? चौघींना आज एकदाच विचारून हे कळणार नाही. त्यासाठी त्याच माणसांना वर्षानुवर्षं तोच प्रश्न विचारत राहावं लागतं. जर्मनीत अशी एक दीर्घकाळ चाललेली पाहणी आहे. तिच्यातल्या १९११ ते १९७४ या काळात जन्मलेल्या १४ हजारांवर लोकांच्या उत्तरांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न साधा होता: माणसाला कितव्या वर्षापासून म्हातारं म्हणावं? त्यातून निघालेला अंदाज असा की १९११ साली जन्मलेल्यांच्या लेखी, ते ६५ वर्षांचे असताना, म्हातारपण ७१ व्या वर्षी सुरू होत होतं. १९५६ साली जन्मलेल्यांच्या लेखी, त्याच वयात, ७४ व्या वर्षी. हा झाला पिढीचा फरक. लोक जास्त जगू लागले, साठीनंतरही कामात राहू लागले, तशी म्हातारपणाची वेस पुढे सरकली.

त्याच अभ्यासात वयाचा फरकही दिसला. माणूस चार-पाच वर्षांनी मोठा झाला की त्याच्या मनातली ही वेस साधारण एक वर्षाने पुढे जाते. म्हणजे आपण तिच्याकडे चालत जातो आणि तीही पुढे सरकत राहते, फक्त आपल्यापेक्षा बरीच हळू. स्त्रिया ही वेस पुरुषांपेक्षा सरासरी दोन वर्षं पुढे ठेवतात, असंही त्यात आढळलं. अमेरिकेत २००९ साली सुमारे तीन हजार प्रौढांना हाच प्रश्न विचारला गेला होता. तिथे तिशीच्या आतल्यांचं उत्तर सरासरी ६० आलं आणि ६५ च्या पुढच्यांचं ७४. तुमची मुलगी आणि तुमची आई एकमेकींना ‘तुला कळतच नाही’ म्हणतात तेव्हा हे १४ वर्षांचं अंतर त्यांच्या मध्ये उभं असतं.

त्या अमेरिकी पाहणीतली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ६५ च्या आतल्यांना विचारलं होतं की म्हातारपणात तुमच्या वाट्याला काय काय येईल असं वाटतं, आणि ६५ च्या पुढच्यांना विचारलं की प्रत्यक्षात काय आलं. स्मृती कमी होईल असं वाटणारे तरुण आणि मध्यमवयीन निम्म्याहून जास्त होते, तर ती कमी झाल्याचं सांगणारे ज्येष्ठ सुमारे एक चतुर्थांश. एकटेपणाबाबतही धास्ती अनुभवापेक्षा बरीच मोठी निघाली. मला हे रोज दिसतं. म्हातारपणाला सगळ्यात जास्त घाबरणारी माणसं म्हातारी नसतात.

आता एकेकीकडे येऊ, आणि मुलीपासूनच सुरुवात करू, कारण तिची भीती घरात हसण्यावारी नेली जात असणार याची मला खात्री आहे. २१ व्या वर्षी कसलं आलंय वय, असं म्हणून तिला गप्प केलं जातं. पण ती सुरकुत्यांबद्दल बोलत असली तरी विषय सुरकुत्यांचा नाही. बर्निस न्यूगार्टन या अभ्यासकांनी १९६० च्या दशकात एक गोष्ट मांडली होती: प्रत्येक समाजात एक न दिसणारं घड्याळ असतं. शिक्षण कधी संपावं, नोकरी कधी लागावी, घर कधी मांडावं, मूल कधी व्हावं याच्या वेळा त्यावर ठरलेल्या असतात, आणि त्या घड्याळाच्या मागे पडलेल्या माणसाला त्याची बोच लागते. तुमच्या आजीच्या तरुणपणी हे घड्याळ कडक होतं, पण सगळ्यांचं सारखं होतं. तुमच्या मुलीच्या पिढीत टप्प्यांचा क्रम विस्कटला आहे. कुणी २३ व्या वर्षी स्थिरावलंय, कुणी ३३ व्या वर्षी नव्याने शिकायला बसलंय. घड्याळ मात्र गेलेलं नाही. उलट बरोबरीच्या प्रत्येकाचे काटे तिला हातातल्या फोनवर दिवसभर दिसतात. म्हणून २५ हा आकडा तिला म्हातारपणाचा वाटत नाही, निकालाचा वाटतो.

शिवाय या वयात एक समजूत फार घट्ट असते: आज मी जी आहे तीच माझी खरी आणि शेवटची आवृत्ती, पुढे आहे ती फक्त झीज. २०१३ साली तीन मानसशास्त्रज्ञांनी १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांची उत्तरं तपासली. गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात आणि पुढच्या दहांत किती बदलाल, असे ते दोन प्रश्न होते. मागे वळून पाहताना सगळ्यांना बराच बदल दिसला. पुढे पाहताना प्रत्येक वयाच्या लोकांना वाटलं की आता फारसं काही बदलणार नाही. ही समजूत आजीच्याही वाट्याला येते, पण विशीत ती जास्त बोचते, कारण पुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं आणि ते आजच्याच आवडीनिवडी, आजचेच मित्र, आजचंच धैर्य घेऊन रेटायचं आहे असं वाटतं. तिला ‘अजून खूप वेळ आहे’ हे सांगून उपयोग होत नाही. वेळ आहे हे तिला माहीत आहे. त्या वेळात ती स्वतः कोण असेल याचा अंदाज तिला येत नाही. त्याऐवजी तुम्ही २१ व्या वर्षी काय ठरवलं होतंत आणि २८ व्या वर्षी ते मनातून कसं उतरलं, हे तिला सांगा. तपशिलात सांगा. तुमच्या निर्णयांची नावं घेऊन सांगा.

तुमच्या स्वतःच्या वयाबद्दल थोडं कमी लिहिते, कारण चाळिशीबद्दल सगळीकडे भरपूर बोललं जातं. न्यूगार्टन यांचंच एक निरीक्षण मात्र इथे फार नेमकं आहे: मध्यमवयात कधीतरी माणूस जन्मापासून किती वर्षं झाली हे मोजणं सोडतो आणि किती उरली हे मोजू लागतो. चष्म्याचा नंबर येतो, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं हात लांब करून वाचावी लागतात, पाळी अनियमित होते, रात्री तीनला उगाच जाग येते. यातलं काहीच गंभीर नसतं, पण हिशेबाची दिशा फिरते. त्यात तुम्ही एका हाताने मुलीला उभं करताय आणि दुसऱ्या हाताने आईच्या-आजीच्या तपासण्या, फायली, गोळ्या सांभाळताय. म्हातारपण या वयाला दिसतं ते कामाच्या रूपात: कुणाला उठवायचं, कुणाला न्यायचं, रात्री कोण थांबणार. ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या मध्यमवयीन बायका मला म्हणतात की ‘माझ्या मुलीवर ही वेळ येऊ नये’. त्यांची भीती स्वतःच्या थकव्यातून आलेली असते. ती म्हातारपणाविषयी कमी आणि मदत न मिळण्याविषयी जास्त सांगते. तुमच्यापुरतं सांगायचं तर काळजीचा भार वाटून घ्या. ही भीती निम्मी तिथेच उतरते.

आयुष्यातलं समाधान इंग्रजी यू अक्षरासारखं चालतं, म्हणजे तारुण्यात वर, चाळिशी-पन्नाशीत तळाला आणि नंतर पुन्हा वर, असं तुम्ही ऐकलं असेल. २००८ साली दोन अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांच्या आकडेवारीवरून हे मांडलं आणि ते गाजलं. पण त्याच माणसांना वर्षानुवर्षं विचारणाऱ्या काही अभ्यासांत हा आकार तितका स्पष्ट दिसला नाही. गेल्या काही वर्षांत तर अनेक देशांत तरुणांचीच मनःस्थिती खालावली आणि यूची डावी दांडीच खाली आली. ज्याला आपण वयाचा नियम समजत होतो त्यात पिढीचा वाटा होता, हे त्यातून कळतं. म्हणून तुमच्या मुलीला ‘हे तुझे मजेचे दिवस’ असं सांगताना जरा थांबा. तुमचे होते, तिचे तसे असतीलच असं नाही.

केसांचं म्हणाल तर रंगवा किंवा रंगवू नका, दोन्हींत वाईट काही नाही. मी फक्त एवढंच विचारते: ते पांढरे केस बघून कोण काय म्हणेल असं वाटतं? ते नाव डोळ्यांपुढे आलं की निर्णय सहसा सोपा होतो. कामाच्या ठिकाणी बाजूला काढतील ही भीती असेल तर ती खोटी नाही, आणि तिच्यासाठी केस रंगवणं हा शहाणपणाचा व्यवहार असू शकतो. आरशातल्या बाईला आपण ओळखत नाही अशी भावना असेल तर रंगाने ती जात नाही.

आता तुमची आई. चौघींमध्ये तिचं चिडणं मला सगळ्यात रास्त वाटतं, आणि घरात सगळ्यात कमी समजून घेतलं जातं तेही तेच.

तिच्या आत किती वर्षांची बाई राहते याचा आधी विचार करा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात असं दिसलं की चाळिशीनंतर माणसाला आपण खऱ्या वयापेक्षा सुमारे २० टक्के लहान असल्यासारखं वाटतं. पंचविशीच्या आतल्यांना उलट आपण थोडे मोठेच वाटतो. या हिशेबाने तुमची आई आतून ५४-५५ वर्षांची आहे. ती वय लपवत नाही, नाकारतही नाही. तिला ते तसं वाटतच नाही. आणि बाहेर मात्र जग तिला ६८ चीच वागणूक देतं.

ती वागणूक कशी असते ते दवाखान्यात बसून पाहावं. सत्तरीला आलेली बाई, शेजारी मुलगा. डॉक्टर मुलाकडे बघत विचारतात, ‘यांना झोप लागते का?’ मुलगा सांगतो, ‘दुपारी झोपते ना, मग रात्री नाही लागत.’ बाई दोघांच्या मध्येच बसलेली आहे. काल रात्री ती कितीदा उठली आणि का उठली हे फक्त तिलाच ठाऊक आहे. पुढची दोन मिनिटं तिच्या गोळ्यांवर बोलणं होतं आणि ती पर्सची चेन उघडत-लावत राहते. बाहेर आल्यावर मुलगा म्हणतो, ‘आई, तू काही बोललीच नाहीस.’ यात कुणी दुष्ट नाही. डॉक्टरांना घाई आहे, मुलाला काळजी आहे. पण अशी दहा मिनिटं आठवड्यात चार वेळा वाट्याला आली की माणूस ‘वय झालं’ या दोन शब्दांवर भडकतो, कारण ‘आता तुम्हाला विचारायची गरज नाही’ हा त्यांचा अर्थ तो अनुभवाने शिकलेला असतो.

वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या या वृत्तीला रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये वंशभेद आणि लिंगभेद यांच्या पंक्तीतलं नाव दिलं. आपण त्याला वयभेद म्हणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातल्या दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात ज्येष्ठांबद्दल असे पूर्वग्रह आहेत. हा आकडा ५७ देशांतल्या ८० हजारांहून जास्त लोकांच्या उत्तरांवरून आला आहे.

या भेदाचं एक वैशिष्ट्य असं की तो शेवटी ज्याच्या मनात असतो त्याच्यावरच उलटतो. ‘साठी बुद्धी नाठी’ हे आपण दहाव्या वर्षी ऐकतो आणि दुसऱ्या कुणावर तरी हसतो. तेव्हा त्याला विरोध करायचं काही कारण नसतं. ते मनात तसंच पडून राहतं. पंचविशीतली मुलगी किल्ली विसरली तर म्हणते, ‘घाईत राहिली.’ तीच बाई ६५ व्या वर्षी किल्ली विसरली तर म्हणते, ‘डोकं चालेनासं झालं.’ विसरणं तेच असतं, पण आता तिला कारण तयार मिळतं.

बेका लेव्ही या अमेरिकी संशोधक अनेक वर्षं नेमका याचाच अभ्यास करतात. ओहायो राज्यातल्या पन्नाशीपुढच्या ६६० लोकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्या लोकांना आधी विचारलं गेलं होतं की स्वतःच्या वाढत्या वयाकडे तुम्ही कसे पाहता, आणि पुढे २३ वर्षांपर्यंत त्यांचं काय झालं याची माहिती उपलब्ध होती. २००२ मध्ये निष्कर्ष आला: ज्यांची दृष्टी चांगली होती ते सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. वय, लिंग, आर्थिक स्थिती, एकटेपणा आणि सुरुवातीचं आरोग्य यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला. त्यांच्याच २००९ च्या दुसऱ्या अभ्यासात असं दिसलं की तरुणपणी म्हातारपणाबद्दल वाईट समजुती बाळगणाऱ्यांना पुढे कैक वर्षांनी हृदयविकाराचे त्रास जास्त झाले.

या आकड्यांचा मी जपून वापर करते. ‘आनंदी राहा, जास्त जगाल’ असा त्यांचा अर्थ काढू नका. आजारी माणसाला असं सांगणं क्रूरपणा आहे. या अभ्यासांत दोन गोष्टी बरोबर चाललेल्या दिसतात, एकीमुळेच दुसरी घडते हे त्यांतून पक्कं सिद्ध होत नाही. पण मला रोजच्या कामात जो धागा दिसतो तो साधा आहे. ‘या वयात असंच व्हायचं’ हे ज्याने मान्य केलं तो चालायला जाणं सोडतो, गोळी चुकली तर मनावर घेत नाही, दुखणं डॉक्टरांना सांगत नाही. आणि घरचेही त्याला न्यायचं सोडतात.

एका कुटुंबाने वडिलांना माझ्याकडे आणलं होतं. तक्रार अशी: कशात लक्ष नाही, विचारलं एक की सांगतात भलतंच, बहुतेक विसरायला लागलेत. घरचे हे सांगत होते तेव्हा वडील बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून होते. मी तोंडापुढे कागद धरून त्यांना एक साधा प्रश्न विचारला. त्यांनी दुसऱ्याच कशाचं तरी उत्तर दिलं. कागद बाजूला करून तोच प्रश्न तेवढ्याच आवाजात विचारला, आणि उत्तर बरोबर आलं. पुढे कानाची तपासणी झाली, श्रवणयंत्र आलं. सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही, यंत्राची सवय व्हायला वेळ लागला. पण घरातल्या गप्पांत ते पुन्हा बोलू लागले. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि ज्यांवर काही करता येतं अशा १४ गोष्टींची यादी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये दिली, तिच्यात उपचार न केलेला बहिरेपणा आहे. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, झोपेच्या किंवा इतर गोळ्यांचा परिणाम, मोतीबिंदू, नैराश्य ही सगळी दुखणी ‘वय झालं’ या एका वाक्याखाली झाकली जातात. तुमची आई त्या वाक्यावर चिडते तेव्हा ती नकळत एक चांगलं काम करते: ते झाकण बसू देत नाही.

तिच्यासाठी आणखी एक गोष्ट सांगते. पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या जर्मन अभ्यासक जोडप्याने पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं उदाहरण दिलं होतं. म्हातारपणीही ते एवढं उत्तम कसं वाजवतात, असं विचारल्यावर रुबिनस्टाइन यांनी सांगितलेलं असं: आता मी कमी रचना वाजवतो, त्यांचा सराव जास्त करतो, आणि वेगवान भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ ठेवतो, म्हणजे पुढचा वेग जास्त भासतो. निवडायचं, घोटायचं आणि जिथे कमी पडतं तिथे युक्ती लावायची. तुमच्या आईला ‘आता हे सोडा, ते सोडा’ असं सांगण्याऐवजी ‘यातलं काय ठेवायचंच आहे?’ असं विचारलं तर बोलणं वेगळं होतं. काय सोडायचं ते मग ती स्वतः ठरवते. आणि स्वतः ठरवलं की चिडायचं कारण राहत नाही.

राहिली आजी. तिचं हसणं पाहून घरच्यांना वाटतं की तिने सगळं स्वीकारलंय, ती विरक्त झालीय. मला तसं वाटत नाही. लॉरा कार्स्टन्सेन या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी गेली तीसहून जास्त वर्षं यावर काम केलंय. त्यांच्या प्रयोगांमध्ये लोकांना विचारलं की अर्धा तास मोकळा आहे, तो कुणाबरोबर घालवाल? जवळचं माणूस, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचा लेखक, की जिच्याशी बरंच जुळेल असं वाटणारी नवी ओळख? ज्येष्ठांनी मोठ्या संख्येने जवळचं माणूस निवडलं, तरुणांत असा एकाच बाजूचा कल दिसला नाही. मग प्रश्न फिरवला. ज्येष्ठांना सांगितलं की नव्या औषधाने तुम्हाला आणखी वीस वर्षं मिळणार आहेत असं समजा. त्यांची निवड तरुणांसारखी झाली. तरुणांना सांगितलं की तुम्ही लवकरच कायमचे दूर राहायला जाणार आहात असं समजा. त्यांनी जवळचं माणूस निवडलं. म्हणजे ही निवड मुळात वयाची नव्हती, समोर किती वेळ दिसतो त्याची होती. वेळ थोडा दिसला की माणूस नको असलेली नाती, मानापमान, पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून केलेली धडपड बाजूला ठेवतो. आजी हलकी दिसते ती यामुळे. २०२० च्या एप्रिलमध्ये, साथीचा सगळ्यात जास्त धोका ज्येष्ठांनाच होता तेव्हाही, कार्स्टन्सेन यांच्या पाहणीत अमेरिकेतल्या ज्येष्ठांची मनःस्थिती तरुणांपेक्षा चांगली आढळली होती.

तरीही आजीच्या वाट्याला काही दुःखं अशी आहेत जी तुम्हा तिघींना अजून माहीत नाहीत. तिला लहानपणापासून ओळखणारं, एकेरी हाक मारून हक्काने रागावणारं बहुधा कुणी उरलं नसेल. ती कुणाची तरी मुलगी, धाकटी बहीण, मैत्रीण होती, याला साक्षीदार नाही. या वयातली माणसं मरणाबद्दल सहज बोलतात आणि घरचे ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून त्यांचं तोंड बंद करतात. त्यांना मरणाची भीती फारशी नसते. अंथरुणाला खिळण्याची असते, कुणीतरी अंघोळ घालण्याची असते, आपल्यापुढे आपल्याविषयी कुजबुज होण्याची असते.

आणि एक सावधगिरी. हसतमुख म्हातारी माणसंही आतून खचलेली असू शकतात. या वयातलं नैराश्य रडण्यातून कमी दिसतं. ते भूक मंदावण्यातून, पहाटे लवकर जाग येण्यातून, कारण न सापडणाऱ्या अंगदुखीतून, आवडीच्या गोष्टीत मन न लागण्यातून दिसतं. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांकडे न्या. नव्वदीतही त्यावर उपचार होतात.

बरोबर कोण, या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. चौघीही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण प्रत्येकीची भीती तिच्या समोर असलेल्या खऱ्या गोष्टीची आहे. चुकतं ते एकमेकींना द्यायच्या धीरात. मुलगी आजीला म्हणत असेल, ‘तू अजून तरुणच आहेस गं!’ मुलीला स्वतःला तरुण राहायचंय म्हणून ते कौतुक वाटतं, आजीला त्याची गरज नाही. आजी मुलीला म्हणत असेल, ‘कशाला एवढी धावपळ? शेवटी माणसंच लागतात.’ ते आजीच्या उरलेल्या वेळाचं शहाणपण आहे. २१ व्या वर्षी धावपळ करणंच योग्य असतं. तुम्ही आईला म्हणत असाल, ‘तू आता आराम कर.’ आराम तुम्हाला हवा आहे. आईला काम हवं आहे.

हे मोडायला मी घरांना एक काम सांगते. चौघींनी एका बैठकीत, पण न बोलता, दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहायची. पहिला: वय वाढेल तसं नेमकं काय गमवायची भीती वाटते? दुसरा: मागच्या कोणत्या वयात परत जायला मुळीच आवडणार नाही, आणि का? आजीला लिहिणं जड जात असेल तर तिने सांगावं आणि मुलीने लिहून घ्यावं. मग सगळ्यात धाकटीने सगळे कागद मोठ्याने वाचायचे, आणि वाचताना कुणी कुणाची समजूत घालायची नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं तरुणांना चकित करतात. पुन्हा विशीत जायला आवडणार नाही असं सांगणाऱ्या साठी-सत्तरीतल्या बायका मला नेहमी भेटतात, आणि त्यांची कारणं ऐकताना नातींचा चेहरा बदलतो.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांवर मात्र नुसतं ऐकून थांबू नका, त्यातल्या आजीच्या उत्तरावर तर नाहीच. तिची भीती परावलंबी होण्याची असेल तर तिला आत्ताच, ती नीट बोलू शकते तोवर, विचारून घ्या: पडून राहायची वेळ आली तर कोणत्या खोलीत राहायला आवडेल, अंगाला हात कुणी लावलेला चालेल आणि कुणी नाही, रुग्णालयात कुठपर्यंत न्यायचं आणि कुठे थांबायचं, तिच्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा. ते लिहून ठेवा, तिची सही घ्या, एक प्रत तिच्या डॉक्टरांकडे द्या, आणि या लिखाणाचं कायदेशीर स्थान काय हे वकिलांना विचारून घ्या. या बोलण्याला तुमच्या आईला जरूर बसवा, आणि प्रश्न तिलाच विचारू द्या. आणि मुलीला ‘तू लहान आहेस, तुला काय करायचंय’ म्हणून खोलीबाहेर पाठवू नका.